पहिलं वर्ष उड्यांचं नाही

ॲजिलिटीचं, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचं, वेड घरात शिरतं ते बहुतेक वेळा मोबाइलमधून. एखादी बॉर्डर कॉली बोगद्यातून सुसाट बाहेर पडते, बारा खांबांमधून नागमोडी निघते, झेपा टाकत बार ओलांडते, आणि बघणाऱ्याला वाटतं, आपल्या पिल्लालाही हे शिकवायचं. या खेळाचा जन्मच मुळी लोकांचं मन रमवण्यासाठी झाला. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात मधल्या वेळात प्रेक्षकांना बसवून ठेवायचं होतं, म्हणून जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या शो जम्पिंगवरून ही शर्यत बेतली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण आपण मोबाइलवर बघतो तो कुत्रा पूर्ण वाढलेला असतो आणि त्याच्यामागे कित्येक महिन्यांची तयारी असते. ती तयारी कुणी चित्रित करत नाही. नव्या उत्साहात नेमकी तीच गाळली जाते, आणि भोगावं लागतं पिल्लाला.

आमची मिरी गावठी. तांबूस रंग, लांब पाय, एक कान उभा आणि दुसरा अजून कलंडलेला. पाच महिन्यांची असताना ती पुण्यातल्या एका ॲजिलिटी वर्गात जाऊ लागली. तिथल्या प्रशिक्षकांचं म्हणणं असं की पिल्लाची भीती लवकर मोडलेली बरी. त्यांनी तिला गळपट्ट्याला धरून पूर्ण उंचीच्या सीसॉवर चढवलं. खाऊच्या मागे मागे ती फळीच्या मध्यापर्यंत गेली. मग तिचा भार पलीकडे पडला, फळी पायाखालून सुटली आणि तिचं टोक धाडकन सिमेंटवर आपटलं. मिरी ओरडली नाही. पोट जमिनीला टेकवून, शेपूट पायांत घालून ती फाटकाकडे सरकत गेली. ‘आणखी एक-दोनदा चढवलं की होईल सवय,’ असं म्हणून तिला परत आणलं गेलं. तिने चारही पंजे घट्ट रोवले, तरी ती वर चढवली गेली.

ती भीती सीसॉपुरती राहिली नाही. रस्त्यावरचं डगडगणारं गटाराचं झाकण, स्कूटरचं स्टँड खाली पडल्याचा आवाज, शेजारच्यांचं लोखंडी फाटक, सगळ्यालाच ती बिचकू लागली. मैदानाच्या वळणावर आलो की बसकण मारायची. हातातला चीजचा तुकडा तोंडाशी धरला तरी मान फिरवायची. चीज नाकारणारं पिल्लू हट्ट करत नसतं, घाबरलेलं असतं. जांभया देणं, सारखी जीभ ओठांवरून फिरवणं, कान मागे पाडणं, जमीन हुंगत बसणं ही सगळी त्याची ‘आता नको’ म्हणायची रीत आहे. ती कळली की तिथेच थांबायचं.

तिला सावरायला फार वेळ गेला. आम्ही सीसॉचं नाव सोडलं आणि घरातला जेवणाचा पाट काढला. त्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, म्हणजे पाट जेमतेम हलायचा. त्यावर एक पंजा ठेवला की खाऊ. मग एका फळीचं टोक विटेवर ठेवलं आणि दुसऱ्या टोकाखाली जुनी गादी घातली. मिरीने स्वतः पंजाने फळी दाबायची, ‘धप्प’ असा बारीक आवाज व्हायचा आणि लगेच चिकनचा तुकडा मिळायचा. गादीच्या जागी हळूहळू पातळ चटई आली. आता आवाज काढायचा की नाही हे तिच्या हातात होतं, आणि फरक पडला तो यामुळेच. कुठल्याही पिल्लाला सीसॉ शिकवायची हीच वाट आहे. आधी आवाज, मग हलणं, आणि दोन्ही पिल्लाच्या मर्जीने. उंची सगळ्यात शेवटी.

भीती निदान डोळ्यांना दिसते, हाडांचं नुकसान लवकर दिसत नाही. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड तिथे वाढतं आणि वाढ पूर्ण झाली की तो थर भरून पक्का होतो. लहान जातींत हे साधारण नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत होतं, मोठ्या जातींत दीड वर्षही लागतं. फार लवकर नसबंदी केली तर आणखी उशीर होतो, म्हणून खेळाचा विचार असेल तर नसबंदीची वेळ व्हेटशी बोलून ठरवा. तोवर हा थर आजूबाजूच्या स्नायुबंधांहूनही नाजूक असतो. ज्या धक्क्याने मोठ्या कुत्र्याचा पाय नुसता मुरगळेल, त्याने पिल्लाची ग्रोथ प्लेट दुखावू शकते. कुत्रा साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर पेलतो आणि उडीनंतर उतरतोही त्याच पायांवर. पुढच्या पायात शेजारी शेजारी दोन हाडं असतात. त्यातल्या एकाची वाढ इजेने थांबली आणि दुसरं वाढत राहिलं, तर पाय वाकडा होत जातो. म्हणूनच एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांत १८ महिन्यांखालच्या कुत्र्याला ॲजिलिटी स्पर्धेत उतरता येत नाही. ज्या खेळाची स्पर्धाच दीड वर्षानंतर आहे, त्याच्या उड्यांची पाचव्या महिन्यात कसली घाई?

घाई करायची तर ती जगाची ओळख करून देण्याची करा. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे निवांतपणे बघतं, ते त्याला पुढे आपलंसं वाटतं. पार्व्होच्या लशी पूर्ण व्हायच्या असतात म्हणून लोक त्याला घरात कोंडतात. कोंडू नका, कडेवर घेऊन फिरवा. ढोल-ताशाचा सराव लांबून ऐकू द्या, बाजाराच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा. घरात ताडपत्री, वाळूचं घमेलं, खडबडीत पायपुसणं, लोखंडी जाळी अशा निरनिराळ्या पृष्ठभागांवर त्याला आपणहून पाय ठेवू द्या. ओढून नेऊ नका.

पुढच्या महिन्यांत शिकवण्यासारखं खूप आहे आणि त्याला मैदानही लागत नाही. कुत्र्याला आपल्या मागच्या पायांचं भान फारसं नसतं. उपडं घमेलं घ्या, त्यावर पुढचे पाय ठेवायला शिकवा, आणि मग तुम्ही बाजूने एक पाऊल टाकलं की त्यानेही मागचे पाय सरकवत घमेल्याभोवती फिरायचं. सुरुवातीला पिल्लू गोंधळून चारही पाय वर घेऊ बघेल, हसून पुन्हा मांडा. एक दिवस मागचा डावा पाय शोधत शोधत बाजूला पडतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. बांबूची शिडी जमिनीवर आडवी टाकून सावकाश चालवा. बादलीला वळसा घालायला शिकवा, डावीकडून आणि उजवीकडून. पुढे मैदानावरचं प्रत्येक वळण यातूनच निघतं. लहान मुलांचा कापडी बोगदा मिळाला तर तो आखडून, सरळ ठेवून त्यातून बोलवा. बार जमिनीवर आडवा ठेवा आणि दोन खांबांमधून नुसतं पळू द्या. साठ-साठ सेंटीमीटरवर रोवलेले बारा खांब मात्र पाठीचा कणा सारखा वळवतात. ते वर्षानंतर.

या सगळ्यांहून मोठं काम नात्याचं. हाक मारली की खेळ सोडून येणं, दोरीची ओढाओढ मनापासून खेळणं आणि ‘सोड’ म्हटल्यावर सोडणं, ‘थांब’ म्हटल्यावर तुम्ही चार पावलं पुढे गेलात तरी जागेवर राहणं. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरे, आणि पिल्लाला अजून खेळायचं असतानाच थांबायचं. शब्द घरात सगळ्यांनी एकच वापरावा.

आपल्या घरांतली एक गोष्ट जपण्यासारखी आहे, ती म्हणजे गुळगुळीत फरशी. टाइल्सवर चेंडूमागे धावणाऱ्या पिल्लाचे मागचे पाय फाकतात आणि मांडीच्या सांध्यावर ताण येतो. खेळायच्या जागी रबरी चटई अंथरा, नखं वेळेवर कापा. जिन्याचंही तेच. नॉर्वेतल्या संशोधकांनी चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष मांडले. जन्मापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांमध्ये हिप डिस्प्लेसियाचा, म्हणजे मांडीचा सांधा नीट न बसण्याचा, धोका जास्त दिसला, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांमध्ये कमी. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तेवढे महिने उचलून न्या. मोकळं हुंदडणं मात्र भरपूर द्या. उन्हाळ्यात ते सकाळी लवकर, डांबर तापायच्या आत.

प्रशिक्षक निवडताना आधी पिल्लाशिवाय जाऊन एक वर्ग बघा. सहा महिन्यांच्या पिल्लासाठी बार किती उंच ठेवता, हे विचारा. ‘जमिनीवर’ हेच उत्तर यायला हवं. पिल्लू अडथळ्याला नाही म्हणालं तर काय करता, हेही विचारा, आणि उत्तर ऐकताना तिथल्या कुत्र्यांच्या शेपट्या बघा. गळपट्टा धरून ओढणं दिसलं तर तिथून निघा, फी भरलेली असली तरी.

बार पहिल्यांदा वर घ्यायच्या आधी व्हेटकडून सांधे तपासून घ्या, गरज वाटली तर ते एक्स-रे काढतील. मग मऊ मातीवर, पिल्लाच्या कोपराहून कमी उंचीवर, आठवड्यातून एखाद-दोनदा मोजक्या उड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठताना ताठरतं का, पुढचा पाय जपून टाकतं का, हे नीट बघा. लंगडलं तर खेळ थांबवून व्हेट गाठा, आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. माणसांच्या या गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरतात.