कर्तबगार : शब्द कुठला, अर्थ कोणता?

प्रश्न : ‘कर्तबगार’ या शब्दातला ‘कर्तब’ संस्कृत वाटतो, पण पुढचा ‘गार’ कुठून आला? आणि ‘लायक’ माणूस व ‘कर्तबगार’ माणूस यांत काही फरक आहे का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. हा शब्द दोन घराण्यांतून आलेला आहे. ‘कर्तब’चे मूळ संस्कृत ‘कर्तव्य’. ‘कृ’ म्हणजे करणे, या धातूला ‘तव्य’ प्रत्यय लागला की ‘जे करायला हवे ते’ असा अर्थ होतो. लोकांच्या बोलण्यात ‘कर्तव्य’चे ‘करतब’, ‘कर्तब’ झाले आणि अर्थही सरकला. करायला हवे ते काम, यापासून करून दाखवलेले काम, त्यातले कसब, इथवर तो आला. हिंदीत तर ‘करतब’ म्हणजे डोंबाऱ्याच्या कसरतीही.

‘गार’ हा फारसी प्रत्यय. गुन्हेगार, मददगार, खिदमतगार या शब्दांतून तो मराठीत रुजला. बहामनी राज्यापासून पुढे काही शतके दरबारात आणि दप्तरांत फारसीचा वावर होता. त्या काळात नुसते शब्दच नव्हे, तर शब्द घडवण्याची साधनेही मराठीने उचलली. मग देशी शब्दालाही ‘गार’ जोडला जाऊ लागला. ‘कामगार’ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’, त्यापासून ‘काम’, आणि त्याला फारसी ‘गार’.

खरी गंमत पुढेच आहे. हा ‘गार’ जुन्या इराणी ‘कार’पासून आला, म्हणजे ‘करणारा’. आपल्या कुंभकार, सुवर्णकार यांतला ‘कार’ त्याचाच भाऊ. संस्कृत आणि फारसी एकाच मोठ्या भाषाकुळातल्या असल्यामुळे ‘कृ’ दोन्हींकडे वारशाने आला. ‘कर्तबगार’ शब्दाच्या दोन्ही टोकांना करणेच आहे. एक टोक इथे राहिले, दुसरे इराणातून फिरून आले.

‘लायक’ मात्र अरबी. एखाद्या जागेला साजेसा, शोभेसा, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणून ‘लायक’च्या आधी बहुधा ‘कशाला’ हे सांगावे लागते : नोकरीला लायक, पदाला लायक. काम हाती येण्यापूर्वीही माणूस लायक ठरू शकतो. कर्तबगार तो काम केल्यावरच ठरतो. अहिल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 अशी अठ्ठावीस वर्षे माळव्याचा कारभार महेश्वरातून सांभाळला. काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, ठिकठिकाणी घाट आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांना नुसते ‘लायक राज्यकर्त्या’ म्हणणे तोकडे पडते, ‘कर्तबगार’ म्हटले की बरोबर बसते.

आणखी एक लक्षात घ्या. ‘कर्ता’ची ‘कर्ती’ होते, पण ‘कर्तबगार’ बदलत नाही : कर्तबगार मुलगा, कर्तबगार मुलगी. तसेच याच धातूचा ‘कर्तृत्व’ लिहिताना ‘तृ’ लिहावा. ‘कर्तुत्व’ हे सर्रास दिसणारे रूप चुकीचे आहे.

सत्कारपत्रिकांतून हा शब्द हल्ली कुणालाही लावला जातो. तसे करू नये. ज्याचे काम बोट दाखवून सांगता येते, त्यालाच कर्तबगार म्हणावे.