मोटारीचा विमा : कोणाचे नुकसान कोण भरून देतो?

आदिलाबादहून माहूरला दर्शनास, केळापूरला नवस फेडण्यास किंवा लग्नकार्यासाठी नागपूरला जाणे आपल्या कुटुंबांना नवे नाही. घरची मोटार निघाली की सोयरेधायरे, शेजारीपाजारी तीत बसतातच. अशा वेळी 'गाडीचा विमा आहे' एवढ्यावर निश्चिंत राहू नये; तो कोणत्या प्रकारचा आहे, हेही पाहावे.

पहिला प्रकार थर्ड पार्टी, म्हणजे त्रयस्थाचा विमा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा केला आहे. आपल्या गाडीने रस्त्यावरील कोणास इजा झाली किंवा मृत्यू आला, तर त्याची भरपाई विमा कंपनी करते. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पण या विम्यातून आपली मोडलेली गाडी दुरुस्त होत नाही. शिवाय खासगी वाहनावर फुकट बसलेल्या माणसाची जोखीम या सक्तीच्या विम्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका स्कूटरच्या खटल्यात ठरविले. म्हणजे ज्यांना आपण आग्रहाने गाडीत बसविले, तेच उघडे पडतात आणि भरपाईचा बोजा मालकावर येतो.

दुसरा प्रकार सर्वसमावेशक विमा. त्यात त्रयस्थाच्या भरपाईबरोबर अपघात, आग, चोरी व पूर यांनी झालेले स्वतःच्या गाडीचे नुकसान येते. खासगी मोटारीतील प्रवाशांची जोखीमही त्यात येते, असा खुलासा विमा नियामक प्राधिकरणाने २००९ साली केला.

तिसरा प्रकार केवळ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्रयस्थाचा विमा चालू असल्यास २०१९ पासून तो वेगळा घेता येतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा याहून निराळा. तो आहे की नाही, हेही तपासावे.

काही मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. रबर व प्लॅस्टिकच्या भागांची साधारणतः निम्मीच किंमत मिळते. घसारा न कापणारे जोड-संरक्षण घेतल्यास ही वजावट टळते. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी चालू करून इंजिन बिघडले, तर वेगळ्या संरक्षणावाचून भरपाई मिळणे कठीण. खासगी गाडी भाड्याने लावली किंवा चालकाजवळ योग्य परवाना नसला, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

तात्पर्य, स्वस्त विमा कायद्याचे समाधान करतो. घरच्या माणसांचे संरक्षण करतोच असे नाही. पुढील प्रवासापूर्वी कपाटातील पॉलिसी काढून तिचा प्रकार व मुदत अवश्य वाचावी.