रिकामे हात आणि शेतीतील कामाचा ताळेबंद



पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी एक प्रश्न विचारतो, "घरच्या शेतीत तुमच्या वाट्याला वर्षाकाठी किती दिवसांचे काम येते?" नेमके उत्तर क्वचितच मिळते. हा हिशोब आज आपण मांडू.

उघड आणि छुपी बेकारी

केंद्र शासनाच्या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरील सर्वांत बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. १५ ते २९ वयोगटात मात्र ते १०.२ टक्के होते. शिवाय घरच्या शेतात बिनपगारी मदत करणारा मुलगा या मोजणीत रोजगारातच धरला जातो. त्याला पुरेसे काम नसले तरी तो बेकार दिसत नाही. हीच छुपी बेकारी होय.

याचे मूळ जमिनीच्या वाटण्यांत आहे. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले.

ताळेबंद कसा मांडावा?

समजा, एका कुटुंबाकडे ३ एकर जमीन आहे. खरिपात सोयाबीन व रब्बीत हरभरा मिळून एकरी ६० मनुष्यदिन लागतात, म्हणजे एकूण १८० दिवस. घरात काम करणारी माणसे चार. प्रत्येकी ३०० दिवस धरले तर १,२०० दिवसांचे श्रम उपलब्ध आहेत. म्हणजे एका माणसालाही वर्षभर न पुरणारे काम चौघे वाटून घेतात. आपल्या घरची आकडेवारी महिनावार वहीत लिहा. कोणत्या महिन्यात हात रिकामे राहतात ते दिसेल.

परिणाम

रिकाम्या हातांचा खर्च सर्वांनाच सोसावा लागतो. शिक्षणासाठी काढलेले कर्ज फिटत नाही, लग्ने लांबतात, निराशेतून व्यसने जडतात. घरात पैसा नसला की गावातील दुकानदार व कारागिरांचाही धंदा बसतो. शिक्षणावर झालेला कुटुंबाचा व शासनाचा खर्च अनुत्पादक ठरतो.

काय करावे?

१) रिकाम्या महिन्यांना जुळणारा पूरक व्यवसाय निवडा. दुग्धव्यवसायात रोजचे काम मिळते. पाण्याची सोय असल्यास तुती लावून रेशीम कीटक संगोपन करता येते. कोषांचे एक पीक सुमारे महिन्याभरात हाती येते.

२) आधी बाजार पाहा, मग शेड उभारा. शेजाऱ्याला फायदा झाला म्हणून साऱ्या गावाने तोच धंदा धरला, तर भाव पडतो.

३) सुरुवात लहान करा. पहिल्या वर्षी मोठे कर्ज घेऊ नका.

४) स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याने वर्षांची मर्यादा आधीच ठरवावी आणि सोबत एखादे कौशल्य शिकावे. यंत्रदुरुस्ती, ठिबक संचाची जोडणी, रोपवाटिका या कामांना गावातच मागणी असते.

५) मुलाला शेतीत घ्यायचे असेल, तर निदान अर्धा एकर त्याच्या निर्णयावर सोडा व त्याचा हिशोब वेगळा ठेवा. कष्ट त्याचे आणि निर्णय वडिलांचे, अशा घरात तरुण टिकत नाही.

पालकहो, शेतीत राहणे कमीपणाचे नाही. काम नसताना कामात असल्याचे भासवणे मात्र घातक आहे. येत्या हंगामापूर्वी मुलामुलींना सोबत घेऊन ही वही जरूर लिहा.