कायटोसान : कोळंबीच्या टरफलातील व्रणोपयोगी द्रव्य

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोळीवाड्यांत सोडे कसे करतात, हे आपणांस ठाऊक आहेच. कोळंबी सोलून वाळविली जाते आणि टरफले उकिरड्यावर जातात. या त्याज्य टरफलातच कायटीन नावाचे नैसर्गिक बहुवारिक असते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने टरफलातील चुना व सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढून उरलेला भाग ४० ते ५० टक्के कॉस्टिक सोड्यात तापविला, की त्यातील बहुतेक अ‍ॅसिटिल गट गळून कायटोसान मिळते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. ही कृती घरच्या भट्टीवर करण्याची नव्हे, हे वेगळे सांगणे नको.

शरीरात विरणारे बंधनद्रव्य ही कल्पना आपल्या शास्त्राला नवी नाही. सुश्रुताने उदरचिकित्सेत आंत्राच्या छिद्रावर काळ्या मुंग्यांचा दंश करवून, धड तोडून शिरे तेथेच ठेवण्यास सांगितले आहे. कायटोसानाचे विघटन लायसोझाइम या व्रणस्रावातील विकराने होते. अ‍ॅसिटिल गट जितके अधिक शिल्लक, तितके ते लवकर विरते.

त्याचे जीवाणुनाशक कार्य विद्युतभारावर अवलंबून आहे. आम्ल द्रवात कायटोसानावर धन भार येतो, जीवाणूंच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. दोहोंच्या आकर्षणाने जीवाणूचे आवरण फाटते व आतील द्रव्य बाहेर पडते. हाच धन भार रक्तपेशींनाही एकत्र आणतो. म्हणून रक्तस्तंभनासाठी कायटोसानाच्या पट्टीला २००२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि पुढे तेथील सैन्याने ती वापरली.

परंतु येथेच आपल्या व्यवसायातील मोठी अडचण आहे. सामू सुमारे ६.५ च्या वर गेला, की कायटोसान द्रावणातून बाहेर पडते व त्याचा धन भार जवळजवळ नाहीसा होतो. आम्ही काचेच्या पेल्यात व्हिनेगरमधील कायटोसानाच्या द्रावणात अपामार्ग क्षाराचे पाणी घातले, तेव्हा पांढरा साका लगेच खाली बसला. क्षार आणि कायटोसान एकाच लेपात घालणे म्हणजे दोन्ही वाया घालविणे होय. जीर्ण व्रणाचा स्राव बहुधा क्षारधर्मीच असतो. म्हणून प्रयोगशाळेतील उत्तम निष्कर्ष रुग्णाच्या पायावर तसेच उतरतील, असे आम्ही मानत नाही. त्रिफळेतील टॅनिनेही कायटोसानाला बांधली जातात, तेव्हा त्रिफळा क्वाथाने धुतल्यावर व्रण साध्या उकळलेल्या, निवळलेल्या पाण्याने पुन्हा धुवून मगच कायटोसानाची पट्टी बांधावी.

औषधवाहक म्हणून या द्रव्याचा विचार करताना आम्हांस क्षारसूत्राची आठवण होते. स्नुहीक्षीर, अपामार्ग क्षार व हरिद्रा यांचे एकवीस थर धाग्यावर चढवून औषध नेमके भगंदराच्या मार्गात ठेवले जाते व तेथेच ते हळूहळू सुटते. तेथील धागा मात्र विरत नाही. तो आठवड्याने बदलावा लागतो. कायटोसानाच्या पातळ पटलात हरिद्रेचा अर्क बसविल्यास औषध सुटते आणि पटलही विरते. अल्जिनेट हे तपकिरी समुद्री शैवालांपासून मिळणारे बहुवारिक ऋणभारी असल्याने कायटोसानाशी बद्ध होऊन मणी तयार होतात आणि त्यांतही औषध कोंडता येते.

औषधनिर्मात्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये शास्त्रोक्त कल्प ग्रंथातील सूत्रानुसारच असावा लागतो. त्यात कायटोसान मिसळले, तर तो शास्त्रोक्त म्हणून विकता येणार नाही. खरेदी करताना विअ‍ॅसिटिलीकरणाचे प्रमाण, राख, शिल्लक प्रथिने व जड धातू यांचा तपासणी-दाखला मागावा. केवळ ‘शुद्ध’ एवढे लिहिलेली पिशवी परत करावी.

रुग्णालाही ही पट्टी कशापासून झाली आहे, हे बांधण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. कोळंबी-खेकडा खाल्ल्यावर ज्याच्या अंगावर पित्त उठते, त्याला ती आम्ही बांधत नाही. शाकाहारी रुग्णास विचारल्यावाचून ती लावणे हा विश्वासघात ठरेल. त्यांच्यासाठी बुरशीपासून काढलेले कायटोसान उपलब्ध असते, ते महाग पडत असले तरी औषधालयाने त्याची वेगळी नोंद ठेवून ते मागवावे.