घडल्या प्रकाराबद्दल

माझी नोकरी २०१२ च्या ऑगस्टमध्ये गेली, असं बडतर्फीचा कागद सांगतो. माझ्या मते ती त्याच्या चार महिने आधीच गेली होती. टाइम ऑफिसशेजारच्या खोलीत मी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली, त्या दुपारी.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं काढली. आधी टर्नर, मग सीएनसी ऑपरेटर. त्या सहीच्या आदल्या रात्री थर्ड शिफ्टला माझ्या मशीनच्या स्पिंडलमधून आवाज येत होता. मेंटेनन्सच्या रजिस्टरात मी तक्रार लिहिली आणि मशीन थांबवू या म्हणालो. सुपरवायझर म्हणाले, आधी लॉट पूर्ण कर. शब्दाला शब्द लागला. मी त्यांना शिवी दिली, आणि ‘गेटबाहेर भेट, मग दाखवतो’ असंही म्हणालो. हे मी कधीच नाकारलं नाही. मशीनबद्दल माझं बरोबर होतं, पण शिवी चूकच होती.

दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं आणि आत त्या खोलीत बोलावून घेतलं. तिथले साहेब अगदी समजुतीनं बोलले. ‘अरे, दोन ओळी लिहून दे. वर दाखवतो, आठवड्यात मिटेल.’ मी लिहिलं: काल रात्री घडलेल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही. मिटलं नाहीच, उलट त्याच संध्याकाळी हातात सस्पेन्शनचं पत्र पडलं. दहा दिवसांनी चार्जशीट आली, तिच्यात पाच आरोप होते. शिवीगाळ, धमकी, अंगावर धावून जाणे, कॉलर धरणे, उत्पादन बंद पाडणे. पहिले दोन खरे, पुढचे तीन खोटे. मी त्यांच्या अंगाला हातही लावला नव्हता. पण चार्जशीटला माझं पत्र जोडलेलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, की कामगारानं घडलेल्या प्रकाराची लेखी कबुली दिली आहे. मी दोन गोष्टींची माफी मागितली होती, तिची कबुली झाली पाच गोष्टींची.

माफी मागू नका असं मी सांगत नाही. चूक झाली असेल तर जरूर मागा, कोर्टही त्याची दखल घेतं. पण कशाची मागता ते शब्दानिशी लिहा: मी अमुक बोललो, त्याबद्दल माफी मागतो. जे केलं नाही, ते केलं नाही असंही त्याच कागदावर लिहा. आणि कितीही गोड बोलून कुणी घाई केली तरी त्या खोलीत बसून लिहू नका. घरी या, जेवा, झोपा, कुणाला तरी दाखवा, मग लिहा. प्रत ठेवा आणि प्रतीवर पोच घ्या.

मग चौकशी सुरू झाली. आमच्याकडे सगळे म्हणायचे, ‘इन्क्वायरी म्हणजे नाटक. निकाल आधीच ठरलेला असतो. खरं काय ते कोर्टात बघू.’ मीही तेच मानलं, आणि माझं सर्वांत मोठं नुकसान या समजुतीनं केलं. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील होते. कामकाज इंग्रजीत लिहिलं जाई, पानापानावर माझी सही घेतली जाई. ‘मला कळेल अशा भाषेत, मराठीत लिहा’ असं मी म्हणायला हवं होतं. ऐकलं नसतं तर निदान ‘मराठीची मागणी केली, मान्य झाली नाही’ एवढं सहीखाली लिहायला हवं होतं. सोबतीला सहकारी प्रतिनिधी घेता येतो, तोही मी घेतला नाही. एकट्यानं लढण्याचा ताठा होता. पहिल्या बैठकीला तयारी नव्हती, दोनदा तारीख पुढं मागितली. सस्पेन्शनमध्ये पहिले नव्वद दिवस अर्धा पगार मिळतो. त्यानंतरही चौकशी लांबली आणि त्यात कामगाराचा दोष नसेल तर पाऊण मिळतो. माझ्या त्या दोन तारखांमुळे उशीर माझ्याच नावावर पडला आणि शेवटच्या महिन्याचा वाढीव भत्ता गेला.

तिसऱ्या बैठकीत सुपरवायझर कॉलरची गोष्ट सांगायला लागले. मी ताडकन उठलो आणि दार आपटून निघून आलो. पुन्हा गेलोच नाही. पुढची चौकशी एकतर्फी झाली.

त्या एका दारानं काय काय बंद झालं ते मला फार उशिरा कळलं. सुपरवायझरांची उलटतपासणी झाली नाही, म्हणजे कॉलरची गोष्ट कुणी खोडली नाही, तशीच राहिली. माझ्या मशीनवरचा हेल्पर कॉन्ट्रॅक्टचा मुलगा होता. मी अंगावर गेलो नाही हे त्यानं जवळून पाहिलं होतं. त्याला साक्षीला बोलवा असं म्हणायला मी तिथं नव्हतो. कोर्टात साक्षीची वेळ आली तोवर त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपून तो गावी गेला होता, पत्ता कुणाकडेच नव्हता. मेंटेनन्सचं रजिस्टर चौकशीतच मागायला हवं होतं. कोर्टात मागितलं तेव्हा उत्तर आलं, उपलब्ध नाही.

बडतर्फीचा लिफाफा पोस्टमन घेऊन आला तेव्हा मी घेत नव्हतो. बायकोनं घेतला. ‘नाही घेतला म्हणून नोकरी राहणार आहे का?’ म्हणाली. तिचं बरोबर होतं. ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून लिफाफा परत गेला, तरी तो मिळाला असंच साधारण धरलं जातं, आणि आत काय लिहिलंय ते मात्र आपल्याला कळत नाही. तिनं त्यावर तारीख टाकून तो पत्र्याच्या पेटीत ठेवला. पुढं माझ्या वकीलबाईंना सगळ्यात उपयोगी पडली ती हीच पेटी.

त्यानंतरचे आठ महिने मी एका पुढाऱ्याच्या मागं फिरलो. ‘मालकाशी बोलतो, बघतो’ एवढंच उत्तर. अनुचित कामगार प्रथांविरुद्ध आपल्या राज्याचा १९७१ चा कायदा आहे, त्याखालची तक्रार नव्वद दिवसांत करायची असते. ती मुदत अशीच गेली. शेवटी कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला. तिथं समेट झाला नाही, तेव्हा पंचेचाळीस दिवसांनंतर सरळ कामगार न्यायालयात गेलो. तो रस्ता कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनं उघडला होता; बडतर्फीपासून तीन वर्षांच्या आत जायचं असे. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली आहे, त्यात समेटासाठी दोनच वर्षांची मर्यादा आहे. तेव्हा जुन्या माणसांनी सांगितलेल्या मुदतींवर विसंबू नका, माझ्यावरही नको. लिफाफा आला त्याच आठवड्यात वकिलाकडे किंवा युनियनकडे जा आणि आजची मुदत विचारून घ्या.

कोर्टात पहिला प्रश्न असतो, चौकशी न्याय्य झाली का. आमच्यात त्याला ‘पार्ट वन’ म्हणतात. पुष्कळांना वाटतं, तिथं जिंकलं की कामावर परत. तसं नाही. चौकशी सदोष ठरली तरी मालक तेच आरोप कोर्टात नव्यानं सिद्ध करू शकतो. मी तर ‘पार्ट वन’च हरलो. न्यायाधीशांनी विचारलं, संधी दिली होती, तुम्ही उठून का गेलात? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाचवलं ते शिक्षेच्या प्रश्नानं. गुन्ह्याच्या मानानं शिक्षा फार जड असेल तर ती कमी करायचा अधिकार न्यायालयाला १९७१ पासून आहे, नव्या संहितेतही आहे. माझ्या चौदा वर्षांत एकही मेमो नव्हता. हे किती मोलाचं असतं बघा: पुण्याच्या एका कारखान्यात पाळीत झोपलेल्या कामगाराची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये कायम ठेवली, कारण आधी तीनदा तसंच घडलेलं होतं. म्हणून साधा मेमो आला तरी तो चुरगाळून फेकू नका, त्याला लेखी उत्तर द्या.

२०१८ मध्ये मला कामावर घ्यायचा हुकूम झाला. सेवा सलग धरली, पण मागचा पगार नाही. तोही दोष माझाच. प्रतिज्ञापत्रात मी लिहिलं होतं, की या काळात कसलीच कमाई नव्हती. खरं तर सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी नगावर काम करत होतो. निम्म्याहून कमी पैसे मिळायचे, पण मिळायचे. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी माझ्यासमोर तिथल्या सहीची वही ठेवली. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं होतं, की बडतर्फी बेकायदा ठरली तर मागचा पगार मिळणं हाच सर्वसाधारण नियम. कर्मचाऱ्यानं आपली खरी स्थिती सांगावी, मग तो कमावत होता हे दाखवायचं काम मालकाचं. माझी बडतर्फी बेकायदा नव्हे, फक्त जड ठरली होती. तरी थोडा पगार मिळेल अशी वकीलबाईंना आशा होती. ‘किती मिळायचे ते लिहिलं असतं तर मला मागायला तोंड राहिलं असतं,’ त्या म्हणाल्या. मुलाचं पोट भरायला धरलेल्या कामाची मी लाज बाळगली, आणि सहा वर्षांचा पगार गेला.

आता चौकशीत कुणी सोबत बोलावलं तर प्रतिनिधी म्हणून मी जातो. मागच्या महिन्यात प्रेस शॉपमधला एक पोरगा चार्जशीट खिशात घडी करून घरी आला. उत्तराला दोन दिवस उरले होते. ‘काका, मी लिहून आणलंय, फक्त नजर टाका,’ म्हणाला. पहिलीच ओळ होती: घडल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. मी ती खोडली, त्याच्यापुढं कोरा कागद ठेवला आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही लिहीत होतो: तो काय बोलला, काय बोलला नाही, कोण जवळ उभं होतं, घड्याळात किती वाजले होते.