तांबडे दिसते ते सारेच जंतू नव्हेत

बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हा क्षयरोग ओळखण्याचा जुना व अल्पखर्चाचा मार्ग होय. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या रोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. झील व नेल्सन या जर्मन संशोधकांच्या नावे रूढ झालेल्या रंजनपद्धतीत काचपट्टीवरील थराला कार्बोल फुक्सिन देऊन खालून ऊब देतात व मग तो आम्लाने धुतात. इतर पेशींचा रंग निघून जातो. क्षयाचा जंतू तो सोडीत नाही. शेवटी मिथिलीन ब्ल्यू दिल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या, बारीक काड्या दिसतात.

परंतु तांबडे दिसणारे सारेच जंतू नसतात. रंगाचे स्फटिक, अन्नकण, परागकण, काचेवरील ओरखडा हेही नजरेला चकवितात. खानदेश हा कापसाचा मुलूख. कापसाचा तंतू रंग धरतो, पण जंतूहून तो कितीतरी पट जाड व लांब असतो. रंगाचा कण बहुधा थराच्या वरच्या पातळीत असतो. भिंग किंचित खालीवर केल्यास हा भेद उमगतो. नळाच्या पाण्यातही आम्लाला दाद न देणारे अन्य जंतू असू शकतात, म्हणून रंगकामास ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. तेलाच्या थेंबाची कांडी काचपट्टीला टेकू देऊ नये. एकाचे जंतू दुसऱ्याच्या काचपट्टीवर जातात.

चुकीच्या निष्कर्षामुळे निरोगी माणसाला सहा महिने विनाकारण औषधे घ्यावी लागतात. उलट, बेडक्याऐवजी लाळ आली तर खरा रुग्ण 'दोष नाही' असे समजून घरी परततो आणि घरच्यांनाही रोग देतो. आज जनुकीय तपासणीची यंत्रे आली असली, तरी नमुना चांगलाच लागतो.

म्हणून या कामाचा आरंभ गावातच होतो. चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यावरून येणाऱ्याची दुसरी खेप म्हणजे बुडालेली मजुरी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढे समजावून सांगावे : सकाळी उठताच, काही खाण्यापूर्वी, स्वच्छ पाण्याने चूळ भरावी. मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून दीर्घ श्वास घ्यावा व छातीतून खोकून बेडका डबीत घ्यावा. झाकण घट्ट लावावे. नाव झाकणावर न लिहिता डबीवर लिहावे. एवढी दक्षता घेतल्यास प्रयोगशाळेतील निम्मी शंका गावातच मिटेल.