पडद्यावरील खेळ : चिल्लर खर्च आणि मुलांची निर्मिती

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. दररोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा आणि त्यानंतर दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बंद ठेवावेत, असे ठरले. महामारीच्या काळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती आलेला भ्रमणध्वनी शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, ही त्यामागील चिंता होती. भोंग्याने वेळेचा प्रश्न हाताळला. तथापि ऑनलाइन खेळांत वेळेबरोबर पैसाही जातो. तो कसा जातो, हे शिक्षक, पालक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

चिल्लर खर्चाचे स्वरूप

२००६ साली 'ऑब्लिव्हियन' या खेळातील घोड्याचे चिलखत एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रावर अडीच डॉलरला विक्रीस आले. घोडा खरा नव्हता, चिलखतही नव्हते. खेळाडूंनी थट्टा केली, तरीही ते विकले गेले. पुढे अनेक खेळ विनामूल्य मिळू लागले व आतील पोशाख, शस्त्रे यांना दाम पडू लागले. ही सूक्ष्म देयके होत. पुष्कळदा रुपयांचे प्रथम खेळातील चलन घ्यावे लागते. त्यामुळे खरी किंमत मुलाच्या ध्यानात येत नाही. शिल्लक राहिलेले चलन संपविण्यासाठी पुन्हा भर घालावी लागते. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच थेंबे थेंबे ते आटतेही.

खेळणारा आणि घडविणारा

या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. २००८ च्या 'लिटल बिग प्लॅनेट' या खेळात खेळाडूंना स्वतःचे टप्पे रचून इतरांना खेळावयास देता येत असत. २००६ साली खुल्या झालेल्या 'रोब्लॉक्स'वर तर बहुतेक खेळ खेळाडूंनीच रचलेले आहेत. त्यासाठीचे साधन विनामूल्य मिळते. रचनाकाराच्या वस्तू विकल्या गेल्यास त्याला 'रोबक्स' या चलनात वाटा मिळतो आणि ठरावीक अटी पूर्ण झाल्यास त्याचे रोख रकमेत रूपांतर होते. मोठा हिस्सा मात्र कंपनीकडेच राहतो आणि असंख्य रचनाकारांपैकी थोड्यांनाच लक्षणीय प्राप्ती होते. म्हणून कमाईच्या आशेपेक्षा गणित, चित्रकला व संगणक आज्ञावली यांचा सराव, हाच मुलाचा खरा लाभ मानावा.

कायदा व दक्षता

पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा अधिनियम संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. परंतु पोशाखासाठी मोजलेले दाम हा पण नव्हे. तेव्हा या कायद्याने प्रत्येक खर्च आपोआप थांबेल, असे मानू नये. करार अधिनियम, १८७२ नुसार अज्ञान व्यक्ती करारास सक्षम नसते. तरीही खाते पालकांच्या नावे असल्यास खरेदी कोणी केली, हा वाद उरतोच.

यास्तव पालकांनी देयकाचा गुप्त क्रमांक मुलांना सांगू नये, प्रत्येक खरेदीपूर्वी सांकेतिक शब्द विचारला जाण्याची सोय सुरू ठेवावी आणि बँकेचे संदेश नियमित वाचावेत. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. शिक्षकांनी महिनाभराच्या अशा खर्चाची बेरीज मुलांकडूनच करवून घ्यावी. शाळेत संगणक असल्यास एखादा साधा खेळ रचण्याचा पाठ द्यावा. ग्रामसभेत हा विषय मुलांना दोष न देता मांडला जावा.

सातारा जिल्ह्यातील काले येथे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग गरीब मुलांपुढे ठेवला. श्रमातून घडावे, ही त्यामागील शिकवण पडद्यावरील खेळालाही लागू पडते. दीड तासाच्या शांततेनंतर मूल पुन्हा पडद्यासमोर बसेल, तेव्हा ते केवळ गिऱ्हाईक असेल की काही घडविणारे, हे घरी व शाळेत मिळालेल्या शिकवणीवर अवलंबून राहील.